आधी भिंत सुकू दे, मग जिन्यात फोटो

पत्र असं आलंय:

"काकी नमस्कार. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. जुनं चिऱ्याचं घर, चार वर्षांपूर्वी मागची बाजू नवीन केली आणि माडीवर जायला सिमेंटचा सरळ जिना काढला, १६ पायऱ्या, वर छोटं लँडिंग. भिंत पश्चिमेची, बाहेरून चिरा उघडाच आहे. माझ्याकडे लहानमोठ्या २३ फ्रेमा आहेत, काही आजेसासऱ्यांच्या वेळच्या, एक लक्ष्मीचं जुनं चित्र, बाकी आमचे आणि मुलांचे फोटो. मे महिन्यात ९ लावल्या होत्या. जुलैत रात्री त्यातली एक धाडकन पडली, खिळा जागेवर होता, तार तुटली होती. सगळ्या जिन्यावर काचा, धाकटा ४ वर्षांचा आहे. बाकीच्या उतरवल्या तर मागे भिंतीवर काळे चौकोन. आता दिवाळीला नणंदा यायच्या आत परत लावायच्यात, शेजाऱ्यांची ड्रिल मशीन आणून ठेवलीय. नवरा म्हणतो सगळ्या एका लायनीत लाव, मला ते शाळेच्या व्हरांड्यासारखं वाटतं. सासूबाईंना आजेसासऱ्यांचा हार घातलेला फोटो पहिल्या पायरीजवळ हवाय. आणि सासूबाईंच्या लग्नाचा फोटो काचेला चिकटलाय, तो काढू का? — माडीवरची सून"

अगं सूनबाई, आधी ती ड्रिल मशीन शेजाऱ्यांना परत देऊन ये. खरंच. तू विचारलंयस फोटो कसे लावू, पण त्या काळ्या चौकोनांनी तुला उत्तर आधीच दिलंय आणि ते भिंतीबद्दलचं आहे, फोटोंबद्दलचं नाही.

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून, नैऋत्येकडून आडवा येतो. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, तो पाणी पितो आणि मग महिना दीड महिना हळूहळू सोडत बसतो. जुनी माणसं पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायची ती काही हौस म्हणून नाही. आता तुझी भिंत बाहेरून उघडी, आतून मस्त प्लास्टर आणि रंग, म्हणजे पाणी आलं की बाहेर पडायला वाट आतूनच, आणि तिथे तू फ्रेम चपटी चिकटवून ठेवलीस, मागे हवा नाही उजेड नाही, बुरशीला आणखी काय पाहिजे.

आमच्या ह्यांचं चिपळुणात फ्रेमिंगचं दुकान होतं, २६ वर्षं. कोणी गिऱ्हाईक फोटोला बुरशी आली म्हणून भांडायला आलं की हे पहिलं विचारायचे, भिंत कुठल्या दिशेची? गिऱ्हाईक वैतागायचं, पण दहातल्या आठ वेळा 'पश्चिम' असंच उत्तर यायचं.

तर आत्ता काय करायचंस, प्लास्टिकचा एक फूटभर चौकोनी तुकडा घे, दुधाची पिशवी कापून चालणार नाही जरा मोठा हवा, तो जिन्याच्या भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव आणि दोन दिवस विसरून जा. नंतर बघ. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असेल तर ती नुसती हवेतली ओल आहे, तिचं एवढं नाही. असे तीन तुकडे लाव, एक खाली एक मध्ये एक वर, कारण खालून लोणा, म्हणजे जमिनीतली खारट ओल, चढत असेल तर फक्त खालचा ओला निघेल. पांढरी पावडर फुगून रंगाचे पोपडे पडतायत का तेही बघ, जिथे लोणा लागलाय तिथे काहीही लावू नकोस, कितीही छान जागा असली तरी.

वरचे दोन ओले निघाले तर खर्च बाहेरच्या बाजूने करावा लागेल, प्लास्टर तरी किंवा पत्र्याची छोटी पडवी तरी. मला विचारशील तर पडवीच, भिंतीवर पाऊसच पडणार नाही आणि लाकडं ठेवायला जागा होते. आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेऊ असं कोणीतरी सांगेलच तुला, नको मारू, पाणी आतच कोंडतं आणि दोन वर्षांत रंग पापडासारखा सुटतो. पडवी या वर्षी जमणार नसेल तर तुळशीचं लग्न होऊ दे, भिंत सुकली की परत प्लास्टिक लावून बघ, कोरडं निघालं की मग मशीन आण.

दिवाळीचं काय, तर दिवाळीला कागद लाव. थट्टा नाही करत, पुढे सांगते.

आधी ती पडलेली फ्रेम. तार गंजली ग, दुसरं काही नाही. समुद्राच्या एवढ्या जवळ ती पातळ लोखंडी तार म्हणजे दोन पावसाळे फार झाले, आणि ती कायम मागच्या बाजूला असते त्यामुळे गंजलेली दिसतच नाही, एक दिवस पडते तेव्हाच कळतं. काही लोक तार काढून मासेमारीची तंगूस बांधतात, ती गंजत नाही हे खरं पण ताणते आणि गाठ सरकते, शिवाय एकाच खिळ्यावर लटकवलेली फ्रेम जिन्यात कायम तिरकी होते, कोणी धाडधाड उतरलं की हलते, कोणाचा खांदा लागतो. तू तार नकोच ठेवू. फ्रेमच्या मागे दोन बाजूंना दोन डी हुक, भिंतीत दोन स्क्रू, बस. फ्रेम तिरकी होत नाही आणि एक हुक गेला तरी दुसरा धरून ठेवतो. हुक पितळेचे घे आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, त्यातही ३१६ नंबरचं स्टील मिळालं तर तेच, खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा ते जास्त टिकतं. साध्या हार्डवेअरच्या दुकानात तुला चकचकीत पॉलिश केलेलं लोखंड स्टेनलेस म्हणून देतील, होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात विचार.

दुसरं म्हणजे मागची हवा. जुन्या घरात फोटो कसे असायचे आठव, वर आढ्याजवळच्या पट्टीला दोरीने टांगलेले आणि पुढे झुकलेले, जणू आजोबा वरून वाकून बघतायत. लहानपणी मला भीती वाटायची त्याची. पण त्याने खालून बघणाऱ्याला चेहरा नीट दिसायचा, काचेवर खिडकी चमकायची नाही, आणि फोटोच्या मागे हात जाईल एवढी जागा राहायची, म्हणून तर ते साठ साठ वर्षं टिकले. आपण आता सगळं चपटं लावतो. जिन्यात एवढं झुकवता येणार नाही पण फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे नाहीतर रबराचे अर्ध्या इंचाचे तुकडे चिकटव, आणि स्क्रूही तेवढेच बाहेर ठेव. फेल्टची बटणं मिळतात ती नको, ती ओल धरून ठेवतात. फ्रेम भिंतीवर न बसता भिंतीच्या पुढे राहिली पाहिजे.

आता लायनीचं भांडण. नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे (सांगू नकोस त्याला). जिन्यात माणूस चालत असतो, उभा राहत नाही, अर्धं लक्ष पायाकडे, त्यामुळे इकडे एक तिकडे एक असं विखुरलेलं लावलं की नुसता गोंधळ दिसतो, एक धागा लागतोच. पण तो धागा जमिनीला समांतर नको, पायऱ्यांच्या चढाला समांतर हवा. पहिल्या पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर ६० इंच मोजून खूण कर, शेवटच्या पायरीला तेच कर, आणि दोन खुणांमध्ये गवंड्याकडची लाईनदोरी ताणून बांध. प्रत्येक फ्रेमचा मध्य त्या दोरीवर. फ्रेम मात्र प्रत्येक सरळच लावायची, पाणसळ लावून, तिरकी फक्त दोरी. मोठ्या चित्रदालनांमध्ये ५७ इंच धरतात, तिथे सपाट जमिनीवर उभं राहून बघायचं असतं. तू ६०च ठेव, कारण तुझ्या जिन्यातून नुसती माणसं जात नाहीत. माडीवर आढी घालता की नाही? मे महिन्यात आंब्याचे क्रेट खांद्यावर घेऊन गडी चढणार, गणपतीला चाकरमानी बॅगा घेऊन चढणार, गाद्या वरखाली होणार. खालची कडा खांद्याला लागता कामा नये.

अंतराला डोकं लावायची गरज नाही, पायऱ्याच मोजपट्टी आहेत. तुझी पायरी साधारण ७ इंच उंच आणि १० इंच रुंद असेल, मोजून बघ. दर दोन पायऱ्यांना एक फोटो धरला तर प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा २० इंच पुढे आणि १४ इंच वर, १६ पायऱ्यांत बरोबर ८ फोटो. १२ बाय १५ इंचाच्या फ्रेमा असतील तर सुटसुटीत दिसतात. तुला शाळेचा व्हरांडा नको ना, मग आठही एका मापाचे नको घेऊ, दोन ठिकाणी मोठ्या फ्रेमच्या जागी दोन छोट्या एकाखाली एक लाव, मध्ये दोन अडीच इंच सोडून, त्या दोघींचा मिळून मध्य दोरीवर आला की झालं. आणि वर लँडिंगला माणूस थांबतो, दम खातो, दिव्याचं बटण शोधतो. तिथे सगळ्यात मोठी फ्रेम आणि तिच्या आजूबाजूला चारपाच, तिथे वाटेल तसं पसर, तुझी सगळी हौस तिथे.

आता कागद. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा काप, त्यावर मागच्या दोन हुकांची जागा नीट मोजून फुल्या मार आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटव, साधी चिकटपट्टी नको रंग ओढून काढते. हे दिवाळीआधी कर. नणंदा येतील, दहा जणी दहा मतं देतील, कागद इकडचे तिकडे होतील, होऊ दे, भिंतीला भोकं पडण्यापेक्षा बरं. मुख्य म्हणजे आठ दिवस घरभर पोरं वरखाली पळतील तेव्हा जो कागद फाटेल किंवा चुरगळेल त्या जागी खांदा लागतोय असं समज, तो वर घे. आणि कोणता फोटो कुठे ते कागदावरच पेनने लिहून ठेव.

२३ मात्र लावू नकोस. जिना आणि लँडिंग मिळून १५-१६ पुरे. बाकीचे दर वर्षी बदलता येतात. निवडायचे कसे, तर मी तुला पिंगुळीची आठवण देते, कुडाळजवळची. तिथले ठाकर लोक चित्रकथी करतात, रामायण महाभारतातल्या प्रसंगांची सुट्या कागदावरची चित्रं, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि एकेक चित्र पुढे धरत गोष्ट सांगत जातात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. जिना पण तसाच असतो ग, एका वेळी एक चित्र, पुढचं चित्र दोन पायऱ्या चढल्याशिवाय समोर येत नाही. म्हणून खालपासून वर कुटुंबाची गोष्ट लाव, खाली जुनं घर, विहीर, सासूबाई सासरे तरुणपणीचे, मग लग्नं, मग पोरं, वर लँडिंगला अख्खं खानदान गणपतीसमोर. रंगीत आणि काळेपांढरे मिसळायला भीती वाटत असेल तर फ्रेमची पट्टी एकाच रंगाची घे, सागवानी नाहीतर काळी, माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट, सगळ्यांना पांढरा. सोनेरी नक्षीची पट्टी जिन्यात घालू नको, धूळ पुसता पुसता हात दुखतील.

सासूबाईंचा विषय. हार घातलेला फोटो जिन्यात नको असं मलाही वाटतं, पण तो तिथे कसा दिसेल म्हणून नाही. गेलेल्या माणसाचा फोटो जिवंत माणसांच्या फोटोत मिसळत नाहीत आणि जिथे वरून पाय जातात तिथे लावत नाहीत, हे बऱ्याच घरांत पाळतात, तूच त्यांना म्हण की आजोबांना जिन्यात नको, ओटीवर दक्षिणेच्या भिंतीला मानाने लावू, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील. शिवाय हार, उदबत्तीचा धूर, एखादा पाट किंवा चौरंग खाली, हे जिन्यात जमतंय कुठे. बहुतेक त्या लगेच हो म्हणतील. त्यांचा तरुणपणीचा काळापांढरा फोटो मात्र दुसऱ्या पायरीवर घे आणि लावायच्या आधी सगळे जुने फोटो घेऊन दुपारी त्यांच्याजवळ बस, कोण कोण आहे ते विचारून लिहून ठेव. आमच्याकडे एका फोटोत नऊ माणसं आहेत आणि आता आम्हाला त्यातली चारच ओळखता येतात.

लक्ष्मीच्या चित्राला हात लावण्याआधी खालच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तिथली लक्ष्मी सरस्वती घराघरात गेली, कोकणातही भरपूर. तसं काही छापलेलं दिसलं तर फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नको, ते "फ्रेममध्ये बसवतो" म्हणून सर्रास दोन बोटं कापतात आणि नेमकं नाव जातं. आमच्या ह्यांनीही सुरुवातीला एकदोन कापली असतील, आता बोलून उपयोग नाही. ते चित्रही जिन्यात नको, ओटीवर.

जिन्यात मूळ जुने फोटोच लावू नको खरं तर. स्कॅन करून प्रिंट काढ, प्रिंट भिंतीवर आणि मूळ फोटो कागदी पाकिटात माजघरातल्या कपाटात. काळ्यापांढऱ्या फोटोच्या काळ्या भागावर चंदेरी झाक येते बघ, ती ओलीनेच येते, आणि रंगीत फोटो जिन्याच्या खिडकीच्या उन्हात पिवळे पडतात ते पडतातच. काचेऐवजी २ मिलीमीटरचं ॲक्रिलिक घाल, वजन निम्म्याच्या आसपास आणि पडलं तरी काचा नाहीत, घरात ४ वर्षांचं पोर आहे म्हणून यात कंजूषपणा नको. कोरड्या फडक्याने मात्र पुसू नको, ओरखडे पडतात आणि धूळ उलट चिकटते, ओलसर सुती कापड. फोटो आणि ॲक्रिलिकमध्ये माउंट हवाच, नाहीतर परत चिकटामचिकटी.

भोकं पाडायच्या दिवशी एवढंच बघ. जिन्याच्या खाली आणि वर दिव्याची बटणं असतील, त्या बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक नको, वायर तिथूनच गेलेली असते, आणि माडीवर बाथरूम असेल तर नळाचा पाइप कुठून चढतो ते नवऱ्याला विचारून ठेव. ६ मिलीमीटरचं बिट, आधी हॅमर बंद ठेवून सुरू कर, चिरा मऊ असतो, हॅमरने भोक भसकन मोठं होतं आणि मग गट्टू, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा तुकडा, आत सैल खेळतो. भुकटीकडे लक्ष ठेव, आधी राखाडी येईल ते प्लास्टर, मग लाल आली की चिरा लागला, लालमध्ये निदान इंचभर जायला हवं, गट्टू नुसत्या प्लास्टरमध्ये राहिला तर फोटो पोपड्यासकट खाली येईल. बिट एकदम आत गेलं तर दोन चिऱ्यांमधली दर्ज लागली, ती जागा सोड, दोन इंच सरक. आणि भुकटी ओली चिकट आली तर त्या दिवशी मशीन बंद, अजून पंधरा दिवस थांब.

एवढं करूनही मी तुला सांगेन की आगोटीच्या कामात हे काम धरून टाक. मे अखेरीला मिरच्या, सुकी मासळी, कडधान्यं भरतेस ना डब्यात, त्याच आठवड्यात जिन्यातल्या फ्रेमा उतरवायच्या, मागची बाजू पुसायची, हुक बघायचे, कसर लागलीय का बघायची, जे जपायचं ते कपाटात, बाकीचे परत वर. दोन स्क्रूवर नुसत्या अडकवलेल्या असल्या की अर्ध्या तासाचं काम आहे. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या मावशीच्या घरी जिन्यात असेच फोटो होते, चढत्या लायनीत. पाणी उतरलं तर त्या चढत्या लायनीवरून चिखलाची एक आडवी रेघ गेलेली, खालचे पाच फोटो गेले, सहाव्याचा अर्धा, वरचे जसेच्या तसे. मावसभावाने ओले फोटो उन्हात वाळत घातले आणि ते वाकडे होऊन काचेलाच बसले. तुझं घर उंचावर असेल, पण मूळ फोटो माडीवरच्या किंवा उंच कप्प्यात असावेत हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

त्यावरून सासूबाईंच्या लग्नाचा फोटो. ओला असता तर स्वच्छ पाण्यात ठेवून सोडवता आला असता, पण सुकून घट्ट बसलाय ना, मग ओढू नको, सुरी घालू नको, पाण्यातही घालू नको, चेहराच काचेवर राहील. काचेसकट फ्रेममधून बाहेर काढ, सकाळी खिडकीच्या बाजूचा उजेड पडेल असा टेबलावर सपाट ठेव, फ्लॅश बंद कर आणि मोबाइलच्या मागे दोघांनी एक काळी साडी ताणून धरा, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरती फट ठेवून, म्हणजे काचेत तुमचंच तोंड दिसणार नाही. चारपाच फोटो काढ, सगळ्यात स्पष्ट येईल त्याची प्रिंट जिन्यात लाव. मूळ फोटो काचेसकट मऊ कपड्यात गुंडाळून कपाटात आडवा ठेवून दे, आणि वर चिठ्ठी लाव काच आहे म्हणून.